समर टायर की ऑल-सीझन? थंडीत गाडी चालवणाऱ्यांसाठी

आजचा एपिसोड टायरवर आहे. हो, टायर. लगेच पुढचा एपिसोड लावू नका, पंचवीस मिनिटं द्या. ज्यांचं कुणी परदेशात गाडी चालवतं, किंवा जे येत्या हिवाळ्यात स्वतः चालवणार आहेत, त्यांच्यासाठी हा विषय माझ्या मते महत्त्वाचा आहे.

झालं असं, की गेल्या महिन्याभरात मला तीन जणांनी जवळजवळ एकच मेसेज केला. एक जण इथेच स्टुटगार्टला, एक म्युनिकला आणि एक न्यू जर्सीत. मेसेज असा: ‘भावा, गाडी घेतली. समर टायर आहेत, चांगले आहेत. आमच्या इथे बर्फ फारसा पडत नाही. ऑल-सीझन घ्यायलाच पाहिजेत का?’

मी काही टायरमधला तज्ज्ञ नाही. बीटेक केलं, कोड लिहितो, एवढंच. पण दोन वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न मला पडला होता आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं. तिथूनच सुरू करतो.

मी इथे आल्यावर जुनी हॅचबॅक घेतली. विकणारा म्हणाला, ‘टायर जवळजवळ नवीन आहेत.’ ते खरंच होतं, नक्षी अगदी छान होती. पुण्यात आपण टायर बघतो म्हणजे काय बघतो? गोटा झालाय का, साईडला फुगा आलाय का, बास. ते बघितलं आणि खूश झालो. टायर समर आहेत की आणखी काही, हे विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

ऑफिसमध्ये एक सिनियर आहे, मूळचा कोल्हापूरचा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. ऑक्टोबरमध्ये कॉफी घेताना त्याने विचारलं, ‘काय रे, टायर बदललास का?’

मी म्हटलं, ‘बर्फ पडला की बदलतो ना दादा.’

तो म्हणाला, ‘लेका, बर्फ पडल्यावर अख्खं गाव वर्कशॉपला फोन करतं. तुला अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बर्फ वितळलेला असेल. आणि बर्फाची वाट कशाला बघतोस? थंडी पडली की झालं.’

मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं. खरं कारण सांगू? चार टायर, फिटिंग वगैरे धरून मला ४३० युरोचं कोटेशन आलं होतं. मनातल्या मनात रुपयात हिशेब केला आणि गप्प बसलो.

मग नोव्हेंबरची एक सकाळ. पावणेआठ वाजलेले. स्टुटगार्ट शहर बशीसारख्या खोलगट जागेत आहे, आजूबाजूला टेकड्या. मी वरच्या भागात राहतो, त्यामुळे ऑफिसला जायचं म्हणजे उतार. डॅशबोर्डवर २ डिग्री. बर्फाचा कणही नाही. रस्ता ओला, कडेला झाडांची पानं. वेगही फार नव्हता, चाळीसच्या आसपास. खाली झेब्रा क्रॉसिंग आहे, तिथे पाठीवर दप्तर घेतलेला एक मुलगा रस्त्यात उतरला. इथे मुलं गाडी थांबणारच असं गृहीत धरूनच उतरतात, कारण गाड्या थांबतात.

मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसचं ते कडकडकड सुरू झालं. गाडी थांबेना. म्हणजे हळू होत होती, पण मला सवय होती तशी नाही. त्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. गाडीचं नाक पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन थांबलं. तो मागे सरकला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. म्हणजे करतो, पण पूर्ण करत नाही.

मी हात वर करून सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली आणि शाळेत गेला. मी पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

आता प्रामाणिकपणे सांगतो, सगळा दोष टायरचा नव्हता. उतार होता, ओली पानं होती, आणि तिथे मी तीसने यायला हवं होतं. कुठलेही टायर असते तरी गाडी थोडी घसरली असतीच. पण त्या दिवशी माझ्या हातात असलेली एक गोष्ट मी आधीच सोडून दिली होती. संध्याकाळी घरी आलो आणि वाचायला बसलो. पुढचं सगळं त्या वाचनातून आणि नंतरच्या दोन हिवाळ्यांतून आलेलं आहे.

पहिला प्रश्न: थंडीत टायरला होतं काय?

डिसेंबरमध्ये आपल्या घरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. उन्हाळ्यात पाण्यासारखं असणारं तेल थंडीत घट्ट होऊन बसतं आणि आई बाटली उन्हात ठेवते. तेल गोठतं, रबर तसं गोठत नाही, ते हळूहळू कडक होत जातं. पण मुद्दा तोच: तापमान बदललं की तोच पदार्थ वेगळा वागतो.

टायर रस्त्याला धरतो कसा? डांबर आपल्याला सपाट वाटतं, पण जवळून बघितलं तर खडबडीत असतं, बारीक बारीक टोकं असतात. मऊ रबर त्या टोकांभोवती दबतं, खड्ड्यांत शिरतं, आणि तिथेच पकड मिळते. शाळेतलं खोडरबर आठवतंय? नवीन, मऊ असतं तेव्हा कागदाला घट्ट धरतं. तेच कंपासपेटीत वर्षभर पडून कडक झालं की कागदावरून नुसतं घसरतं. खोडणं सोडाच, काळं करून ठेवतं. थंडीत समर टायरचं साधारण असंच होतं.

समर टायरचं रबर उन्हाळ्यासाठी बनवलेलं असतं. ३५ डिग्रीला, तापलेल्या रस्त्यावर ते फार मऊ पडू नये, लवकर झिजू नये, वळणावर गाडी नीट धरावी, म्हणून ते मुळात कडक ठेवतात. विंटर टायरचं रबर शून्याच्या खालीही लवचिक राहील असं केलेलं असतं. ऑल-सीझन या दोघांच्या मधला.

दुसरा फरक नक्षीत. विंटर आणि ऑल-सीझन टायर जवळून बघा. मोठ्या खाचा असतातच, पण प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. गाडी चालताना या चिरा उघडतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात, आणि चिरांत अडकलेला बर्फही रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. समर टायरवर या चिरा जवळजवळ नसतात.

हे डोकं आजचं नाही. फिनलंडमधल्या ज्या कंपनीला आज आपण नोकियन म्हणून ओळखतो, तिने १९३४ मध्ये ट्रकसाठी खास बर्फातला टायर काढला. अमेरिकेत गुडइयरचा टिएम्पो हा ऑल-सीझन रेडियल १९७७ मध्ये आला. युरोपात मात्र बरीच वर्षं लोक ऑल-सीझनला नाक मुरडायचे, ‘ना धड इकडचा, ना तिकडचा’ म्हणून. २०१५ मध्ये मिशेलिनने क्रॉसक्लायमेट आणला, तोही बर्फाचं सर्टिफिकेट असलेला, आणि चित्र बरंच बदललं.

आता तो प्रसिद्ध ७ डिग्रीचा आकडा. जर्मनीत कुणालाही विचारा, ‘७ च्या खाली गेलं की समर टायर नको’ असं सांगतील. हा ठोकताळा आहे, विज्ञानाचा नियम नाही. ८ डिग्रीला टायर उत्तम आणि ६ ला एकदम बाद, असं काही होत नाही. चांगला समर टायर ५ डिग्रीला, कोरड्या रस्त्यावर, विंटर टायरइतका किंवा त्याहून चांगलाही थांबू शकतो. मग हा आकडा कशाला? कारण दुपारी ७ असेल तर सकाळी शून्याजवळ असणार. डॅशबोर्डवर दिसतं ते हवेचं तापमान. पुलावरचा, सावलीतला, नदीकाठचा रस्ता त्याहून थंड असू शकतो, आणि तिथे पातळ दहिवर गोठलेलं असतं, जे डोळ्यांना दिसतही नाही. म्हणजे ७ ही सूचना आहे: इथून पुढे कुठल्याही सकाळी फसू शकतोस.

चला, थोडं गणित करू. घाबरू नका, अकरावीचं आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल? वेगाचा वर्ग भागिले, दोन गुणिले घर्षणाचा गुणांक गुणिले गुरुत्वाकर्षण. मी घेतलेले गुणांक समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, प्रत्येक टायरचा, प्रत्येक रस्त्याचा आकडा वेगळा असतो.

वेग ताशी ५० किलोमीटर. पहिल्या गाडीचा गुणांक ०.८ धरा. ती साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दुसरीचा ०.६. ती १६ मीटरमध्ये थांबते. फरक चार मीटरचा. तुम्ही म्हणाल, चारच मीटर! पण उलटा विचार करा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे पोहोचताना दुसरीचा वेग किती असेल? ताशी २५ किलोमीटर. एकाच जागी एक गाडी उभी आणि दुसरी २५ च्या वेगात. तिथे माणूस असेल तर?

आता बर्फ घ्या. पहिलीचा गुणांक ०.३, दुसरीचा ०.१५. पहिली ३३ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ६६ मीटर लागतात. पहिली थांबली त्या जागी दुसरी अजून ३५ च्या वेगात आहे. हे मी वहीत मांडलं तेव्हा मला ४३० युरो एकदम कमी वाटायला लागले.

इथे दोन गैरसमज सांगतो, दोन्ही माझे स्वतःचे होते.

पहिला: ‘एबीएस आहे ना.’ एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग चालतं. पण पकड तो तयार करत नाही. टायर आणि रस्ता मिळून जेवढी पकड देतात, तेवढीच तो वापरतो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सर्व्हर झोपलेला असेल तर कितीही चांगला लोड बॅलन्सर लावून काय होणार?

दुसरा: ‘फोर व्हील ड्राइव्ह आहे.’ ती गाडी निघायला मदत करते, चढ चढायला मदत करते. थांबायला प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात आणि चारही चाकांना ब्रेक असतो. उलट फोर व्हील ड्राइव्हचा धोका असा, की गाडी सहज निघते, म्हणून आपल्याला वाटतं रस्ता बरा आहे. ब्रेक दाबल्यावर कळतं.

आता कायदा. जर्मनीत विंटर टायर अमुक तारखेपासून सक्तीचे, असं नाही. परिस्थितीवर आहे: रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी किंवा गोठलेलं दहिवर असेल, तर तशा कामाचे टायर हवेतच. नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. तुमच्यामुळे रस्ता अडला तर ८०, अपघात झाला तर १२०. गाडी उभी असेल तर प्रश्न नाही. इथल्या लोकांचा साधा नियम म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची: बर्फात समर टायरवर अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे विमा कंपनी निष्काळजीपणा म्हणून कापू शकते.

शेजारी ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी असेल तर हिवाळी टायर हवेत, आणि नक्षी किमान ४ मिलिमीटर हवी. स्टुटगार्ट-म्युनिकवाले वीकेंडला सहज तिकडे जातात, म्हणून सांगून ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. टायरच्या बाजूला बघा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं छोटं चित्र असेल, तर तो टायर बर्फावरची ठरलेली चाचणी पास झालेला आहे. इथे त्याला अल्पाइन चिन्ह म्हणतात. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल, म्हणजे चिखल आणि बर्फ, तर ते कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं, त्यामागे तशी चाचणी नसते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस चालत नाही, अल्पाइन चिन्ह लागतं. म्हणून जुन्या गाडीवरचे ऑल-सीझन टायर आधी तपासा. नाव ऑल-सीझन असलं तरी डोंगर नसेल तर बर्फात ते कायद्याने चालणार नाहीत.

न्यू जर्सीवाल्या मित्रा, तुझ्याकडे हाच घोळ जास्त आहे. अमेरिकेत बहुतेक साध्या गाड्या ऑल-सीझनवरच येतात, पण त्यातल्या बऱ्याच टायरवर फक्त एम प्लस एस असतं. डोंगराचं चिन्ह असलेल्यांना तिकडे बहुतेक वेळा ऑल-वेदर म्हणतात. नाव वाचू नकोस, चित्र बघ. तुझी गाडी स्पोर्ट्स टाइप असेल आणि समर परफॉर्मन्स टायर असतील, तर जास्तच सांभाळ. कडाक्याच्या थंडीत त्या रबराला चिरा जाऊ शकतात, असा इशारा टायर कंपन्या स्वतः देतात. आणि कॅनडातल्या क्युबेकमधल्या मंडळींना तर पर्यायच नाही: १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे.

तर मग घ्यायचं काय? मी माझ्यापुरतं असं मांडलं.

तुम्ही शहरात राहता, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवता, बर्फ पडला तर एखाद दिवस ट्रेनने जाऊ शकता, हिवाळा तसा सौम्य आहे. अशा वेळी अल्पाइन चिन्हाचे चांगले ऑल-सीझन पुरतात. वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट नाही, फ्लॅटमध्ये चार चाकं ठेवायला जागा शोधायची नाही. मी हेच केलं.

तुम्ही डोंगराळ भागात राहता, स्कीइंगला जाता, रोज हायवेवरून लांब जाता, किंवा नाइट शिफ्ट असल्यामुळे पहाटे निघावंच लागतं. मग समर आणि विंटर असे दोन सेट. दादा स्वाबियन आल्बच्या पठारावर राहतो, तिथे माझ्या इथे पाऊस असतो तेव्हा त्याच्या दारात बर्फ असतो. त्याच्याकडे दोन सेट आहेत. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं, पण प्रत्येक सेट अर्धं वर्षच झिजतो, म्हणून जास्त टिकतो. खरा जादा खर्च दोनदा बदलण्याचा आणि ठेवण्याचा.

आणि तिसरा पर्याय: फक्त समर टायर. तोही चालतो, पण एकाच अटीवर. थंडी पडली की गाडी खरंच उभी ठेवायची. ‘जपून चालवेन’ ही अट नाही. मीही जपूनच चालवत होतो.

ऑल-सीझनची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी एजन्सी घेतलीय. भर उन्हाळ्यात, तापलेल्या रस्त्यावर, ते समर टायरपेक्षा उशिरा थांबतात, वळणावर थोडे मऊ लागतात. खऱ्या बर्फात आणि गोठलेल्या रस्त्यावर ते चांगल्या विंटर टायरच्या मागेच राहतात. डोंगराचं चिन्ह म्हणजे पास झालाय एवढंच, डिस्टिंक्शन मिळालं असं नाही. युरोपात २०२१ पासून नवीन टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगची श्रेणी ए ते ई अशी असते, आणि बर्फ व गोठलेल्या रस्त्यासाठी वेगळी चित्रं असतात. घेताना ती श्रेणी बघा. ओला रस्ता आपल्या वाट्याला बर्फापेक्षा कितीतरी जास्त दिवस येतो.

आता काही पटकन करायच्या गोष्टी, विशेषतः जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी.

एक. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. ४१२१ असेल तर २०२१ च्या एक्केचाळिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी छान दिसते, पण टायर दहा वर्षांचा आहे, असं होऊ शकतं. रबर वापरलं नाही तरी कडक होत जातं. खोडरबर आठवा.

दोन. नक्षीची खोली. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण हिवाळ्यासाठी ४ च्या खाली जाऊ नका. मोजायला यंत्र नको. २ युरोचं नाणं नक्षीच्या खाचेत उभं घाला. त्याची बाहेरची रुपेरी कड ४ मिलिमीटरची असते. ती कड पूर्ण आत गेली तर ठीक.

तीन. चारही टायर एकाच जातीचे. पुढे दोन ऑल-सीझन आणि मागे दोन समर, असा जुगाड करू नका. ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग धरतो, मागचा सरकतो आणि गाडी गरकन फिरते.

चार. हवा. तापमान १० डिग्रीने उतरलं की टायरमधली हवा साधारण ०.१ बारने कमी होते. सप्टेंबरमध्ये भरलेली हवा डिसेंबरमध्ये कमी असणार. इथे पंक्चरवाला काका पंपावर बसलेला नसतो, स्वतःच चेक करावी लागते.

पाच. अपॉइंटमेंट सप्टेंबरअखेर घ्या. दादाचं ऐका.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांना वाटत असेल, याचं आम्हाला काय? खरंय, महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठल्याची बातमी आली म्हणून साताऱ्यात कुणी टायर बदलायची गरज नाही. पण पुण्या-मुंबईतून डिसेंबर-जानेवारीत मनालीला गाडी घेऊन जाणारे माझ्याच मित्रांत चार जण आहेत. सोलंगपासून पुढे, ९ किलोमीटरच्या अटल टनेलच्या दोन्ही बाजूंना, सकाळी रस्त्यावर काचेसारखा बर्फ असतो. आपल्या गाडीचे टायर ऊन आणि पाऊस यांसाठी बनवलेले असतात. पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. गाडी हॉटेलवर ठेवा आणि स्थानिक ड्रायव्हरची गाडी करा. रील तिथूनही काढता येते.

शेवटी एकच सांगतो. टायर घेताना आपण चांगल्या दिवसाचा विचार करतो: बहुतेक दिवस तर रस्ता कोरडाच असतो, बर्फ तर वर्षात दहा दिवस. पण टायरची खरी गरज त्या एका सकाळी लागते, जेव्हा आपल्याला उशीर झालेला असतो, रस्ता ओला असतो आणि समोर कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवून पाय टाकतो. ती सकाळ कुठली, हे आधी सांगून येत नाही.

मी आता त्याच रस्त्याने, ऑल-सीझनवर आणि तीसच्या वेगात, खाली येतो. तो मुलगा कधीकधी दिसतो. उंच झालाय, दप्तरही बदललंय. त्याला मी आठवत नसेन. मी क्रॉसिंगच्या बराच आधी थांबतो, तो हात दाखवतो आणि निघून जातो.

तुमच्या गाडीवर कुठले टायर आहेत, आज संध्याकाळी खाली जाऊन बघा. डोंगर दिसला की नाही ते मला व्हॉइस नोटमध्ये सांगा. आणि परदेशात कुणी भाऊ, बहीण, मित्र नवीन गाडी घेत असेल, तर ‘अभिनंदन’नंतर हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. सांभाळून चालवा!